मामा कुठल्या रकान्यात लिहायचा?

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या कार्यकारी समितीतील सर्व सदस्य देशांच्या प्रतिनिधींना खुले पत्र

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या जून महिन्यात बारा वर्षांचा एक मुलगा केनियातल्या काकुमा छावणीतून कुणालाही न सांगता निघाला. सतरा दिवसांनी तो युगांडातल्या किर्यांदोंगो वसाहतीत आपल्या मामाच्या दारात जाऊन उभा राहिला. मामाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. पोराच्या दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला, एक बाईची, एक गड्याची. चेहरा ओळखू न येण्याइतका उतरलेला. मी मिरजेत स्वयंपाकघरात उभी होते. फोटो बघून रडू आलं, आणि थोड्या वेळाने जो राग आला तो अजून गेलेला नाही. कारण त्या मामाचा पत्ता आमच्या फायलीत सात महिन्यांपासून पडून होता. फोन नंबरासकट.

मी पाच वर्षं काकुमात एका संस्थेत काम केलं. एकट्या पडलेल्या मुलांच्या घरच्यांचा शोध घेणं, हे माझं काम. त्याआधी मिरज जंक्शनवर घर सोडून आलेल्या मुलांसोबत काम करत होते. २०२५ च्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. या पत्राचा इंग्रजी मसुदा मी तुमच्याकडे वेगळा पाठवते आहे. मराठीत लिहिते आहे ते यासाठी की भारतही १९९५ पासून तुमच्या समितीत बसतो, आणि तिथे आपल्या नावाने काय ठरतं हे इथल्या माणसांना कळलं पाहिजे.

त्या मुलाचं नाव मी लिहिणार नाही. आईबाप दक्षिण सुदानचे, दिंका जमातीचे. पोरगा मात्र खार्टुममध्ये, हाज युसूफ वस्तीत वाढलेला. वडील आधीच आजाराने गेले होते. १५ एप्रिल २०२३ ला खार्टुममध्ये लढाई सुरू झाली आणि पुढच्या महिन्यात घरावर तोफगोळा पडून आई गेली. उरले दोघं, हा दहा वर्षांचा आणि बहीण चार वर्षांची. शेजारच्या बाईने त्यांना आपल्या पोरांबरोबर बसमध्ये घातलं. कोस्ती, तिथून जोडाची सीमा, मग दक्षिण सुदानातलं रेंक. रेंकला बहिणीला ताप भरला आणि तिला एका वैद्यकीय तंबूत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मलाकालला जाणाऱ्या बार्जच्या यादीत शेजारणीचं नाव पुकारलं गेलं. तू चल, तिला पुढच्या बोटीने आणतील, असं मोठ्या माणसांनी त्याला सांगितलं. तो चढला. ही गोष्ट सांगताना तो दर वेळी इथेच थांबायचा आणि माझ्या हातातल्या पेनाकडे बघत राहायचा.

मलाकालला शेजारण तिच्या माणसांकडे गेली. हा पुढे निघाला, पांढऱ्या नाईलने, मग ट्रकने. बोर, जुबा, तोरित, कापोएता, नादापाल. आईने त्याला एकच गोष्ट पक्की पाठ करून घेतली होती: काही झालंच तर काकुमाला जायचं, तिथे माझा भाऊ आहे. भावाचं नाव, त्याच्या बापाचं, त्या बापाच्या बापाचं, असं वर सात पिढ्यांपर्यंत. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो काकुमाला पोहोचला तेव्हा त्याच्याकडे एक पिशवी, एक फाटकी चादर आणि ही नावं होती.

आता त्या रकान्याबद्दल.

नोंदणीच्या वेळी त्याला विचारलं, कुणाकडे आलास? तो म्हणाला, ‘खाल’. अरबीत ‘अम्म’ म्हणजे काका आणि ‘खाल’ म्हणजे मामा. दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं ‘अंकल’, आणि रकान्यात तेच लिहिलं गेलं. काका समजून पुढचे नऊ महिने त्याच्या बापाच्या कुळात शोध चालला. काकुमात, शेजारच्या कालोबेये वसाहतीत, जुबात. बापाच्या भावांपैकी एक मेलेला निघाला, दुसऱ्याचा पत्ता नाही. फायलीवर शेरा पडला की नातेवाईक सापडत नाहीत. ही फाईल माझ्याकडे आली ती २०२४ च्या जुलैमध्ये. सुरुवातीला मलाही काही दिसलं नाही. एक दिवस तारच नदीच्या कोरड्या पात्राशेजारी, आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो तिच्याच झुडपाखाली बसून तो मला घरची माणसं सांगत होता आणि ‘खाल’ म्हणाला. मी विचारलं, खाल म्हणजे आईचा भाऊ ना? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारायचं झालं!

काका आणि मामा यांना एकच शब्द वापरणाऱ्या भाषेत ती फाईल नऊ महिने पडून होती. आपल्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलाही हा घोटाळा पहिल्या वाक्याला कळला असता.

आणखी एक अडचण होती. दिंकांमध्ये मुलांना बैलांच्या रंगांवरून नावं ठेवायची रीत आहे. आपण बैलाला ढवळ्या, पवळ्या म्हणतो, ते मुलाला मबियोर म्हणतात, म्हणजे पांढरा बैल. माजोक म्हणजे काळा-पांढरा, मलुआल म्हणजे तांबडा. छावणीत एकाच नावाची कितीतरी माणसं असतात. अरबी कारकुनाने एक स्पेलिंग लिहिलेलं, इंग्रजी लिहिणाऱ्याने दुसरं. संगणकात नाव टाकलं आणि माणूस सापडला, असं तिथे होत नाही. एखाद्याने मुलाजवळ बसून सात पिढ्या लिहून घ्याव्या लागतात आणि मग त्या घेऊन वस्तीत म्हाताऱ्यांकडे जावं लागतं. मी गेले. तिसऱ्या म्हातारीने मामाला ओळखलं. तो पूर्वी काकुमातच होता, २०१६ मध्ये बायकोच्या माणसांकडे किर्यांदोंगोला गेला. युगांडात निर्वासितांना कसायला जमिनीचा तुकडा मिळतो, म्हणून बरीच कुटुंबं तिकडे वळतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये फोन लागला. अशा वेळी आम्ही दोन्ही बाजूंची ओळख पडताळतो, खोटे नातेवाईकही येतात. मामाला नीट बोलता येईना. त्याने पोराला एकच प्रश्न विचारला: आजोबांचा बैल कुठल्या रंगाचा होता? पोरगं सरळ उभं राहिलं, गुरुजींपुढे राहतात तसं, आणि म्हणालं, पांढरा, पण कान काळे. तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग रडण्याचा आला.

इतकं झाल्यावर काय राहिलं होतं? मामाच्या घरी एक भेट. मुलाच्या हिताचा कागदी निर्णय. केनिया आणि युगांडा या दोन्ही सरकारांची संमती, प्रवासाचा एक कागद, एक सोबती आणि बसभाडं. मी मुलाला सांगितलं होतं, पावसाळ्याआधी जाशील. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. आमचा प्रकल्प थांबला, फेब्रुवारीत माझ्यासह आठ जणांना घरी पाठवलं. फायली एका कपाटात गेल्या. माझ्या जागी कुणी आलं नाही. मुलाला दर आठवड्याला भेटायला जाणारा माणूसच राहिला नाही.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार कपातीच्या क्रमाबद्दल. १ जुलै २०२५ ला अमेरिकेची मदतसंस्था यूएसएड अधिकृतपणे बंद झाली. ब्रिटनने मदतीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. निर्वासित उच्चायुक्तालयाने जून २०२५ मध्ये सुमारे ३,५०० पदं कमी होत असल्याचं सांगितलं. पैसा आटला की आधी अन्न, पाणी, औषध वाचवावं, हे मला मान्य आहे. मी छावणीत राहिले आहे, भूक काय असते ते पाहिलं आहे. पण शोधाच्या कामाला तुम्ही ‘नंतर बघू’ या खान्यात टाकता, तिथे माझा विरोध आहे. मूल एकटं आहे म्हणून दुसऱ्या कुटुंबात ठेवलेलं असतं. त्याच वर्षी काकुमातलं रेशन निम्म्याच्याही खाली आलं. ज्या बाईच्या घरात तो मुलगा होता, तिची स्वतःची पाच पोरं. तिने त्याला कधी हाकललं नाही. पण ताटात काय पडतं हे बारा वर्षांच्या मुलाला दिसतं. मामाने पुढे मला सांगितलं, पोरगं म्हणालं, मी तिथे खाल्लं तर लहान उपाशी राहायचे. शोध थांबवून तुम्ही अन्न वाचवलं नाही. मामाच्या शेतात ज्याला जेवण मिळालं असतं, तो छावणीच्या तुटपुंज्या रेशनवर राहिला.

दुसरी तक्रार ‘अनाथ’ या शब्दाबद्दल आहे, आणि इथे मला थोडं मागे जावं लागेल. २००७ मध्ये चाडमधल्या अबेशे गावातून एका फ्रेंच संस्थेने १०३ मुलांना विमानाने फ्रान्सला न्यायचा प्रयत्न केला. सुदानच्या दार्फुर प्रांतातली अनाथ मुलं म्हणून त्यांना गोळा केलं होतं. चौकशीत दिसलं की बहुतेक मुलांचं आई, बाप किंवा सांभाळणारं माणूस हयात होतं, आणि बरीच मुलं चाडचीच होती. चाडच्या न्यायालयाने त्या लोकांना शिक्षा दिली, पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफीही दिली. मला ते प्रकरण आठवतं ते वेगळ्या कारणासाठी. अनाथ म्हटलं की जग हात पुढे करतं, कुणाचा तरी भाचा म्हटलं की करत नाही. काकुमातल्या या मुलाचे आईबाप खरोखरच नव्हते. पण तो अनाथ नव्हता. त्याला सात पिढ्या येत होत्या. आपल्याकडेही आईबाप गेलेलं मूल आजोळी वाढतं आणि कुणी त्याला अनाथ म्हणून हाक मारत नाही.

याच शब्दाने मुलींवर वेगळा अन्याय केला. १९८७ पासून दक्षिण सुदानची हजारो मुलं युद्धातून पळून इथिओपियाच्या पिन्युडो, इटांग या छावण्यांपर्यंत चालत गेली. १९९१ मध्ये तिथलं सरकार पडल्यावर गोळीबारात गिलो नदी ओलांडून परत आली आणि १९९२ मध्ये काकुमाला पोहोचली. काकुमा छावणी उभी राहिली तीच या मुलांसाठी. २००० च्या सुमारास त्यांच्यातल्या सुमारे ३,८०० जणांना अमेरिकेत वसवण्यात आलं, त्यांत मुली अगदी थोड्या होत्या. त्या चालल्या नव्हत्या का? चालल्या होत्या. पण छावणीत मुलींना लगेच कुठल्या तरी कुटुंबात ठेवलं गेलं, घरकामाला लागल्या, काहींची लग्नं लावली गेली. कुटुंबात आहे म्हणजे एकटी नाही, असं कागदाने ठरवलं आणि त्या यादीतून गळाल्या. मी काम करत होते तेव्हाही मुलींच्या फायली मुलांपेक्षा पातळ असायच्या. त्यांना कुणी कमी प्रश्न विचारतं.

तिसरी: सीमा. दोन देशांमध्ये मुलाचा कागद मुलापेक्षा हळू चालतो. केनियात छावणीबाहेर पडायला निर्वासिताला परवाना लागतो. तो मुलगा परवान्याशिवाय लोडवार, किटाले, मलाबा, तोरोरो, मबाले, सोरोती, लिरा असा आठ-नऊशे किलोमीटर गेला. ट्रकच्या ताडपत्रीखाली, काही ठिकाणी पायी, एकदा एका बकऱ्यांच्या व्यापाऱ्याचा पोरगा बनून. वाटेत त्याला कुणी विकलं नाही, मारलं नाही, हे त्याचं नशीब. कृपा करून ही गोष्ट तुमच्या कुठल्या पुस्तिकेत मुलाच्या जिद्दीची कहाणी म्हणून छापू नका. तो पोहोचला त्यात आपल्यापैकी कुणाचाही हात नाही. आणि पोहोचूनही त्याची सुटका नाही. हे लिहीपर्यंत त्याची नोंद केनियात, पोट युगांडात. मामा आपल्या ताटातला घास त्याला देतो आहे आणि शाळा कागद मागते आहे.

मी नवं काही मागत नाही. तुमच्याच समितीने १९८७ मध्ये निर्वासित मुलांविषयी ठराव केला, क्रमांक ४७. एकट्या मुलांच्या आईवडिलांचा, नातेवाइकांचा शोध घेण्याचं त्यात आहे. बघा, ती मुलं इथिओपियाकडे चालायला लागली त्याच वर्षी तुम्ही ते लिहीत होता. २००७ मध्ये धोक्यातल्या मुलांसाठी ठराव क्रमांक १०७ केलात. बालहक्क संहितेचं २२ वं कलम तेच सांगतं, आफ्रिकी बालहक्क सनदेचं २५ वं कलमही. काम जमतं, हेही सिद्ध झालेलं आहे. १९९४ च्या नरसंहारानंतर रवांडात आणि शेजारच्या काँगोतल्या गोमाच्या छावण्यांत मुलांचे फोटो काढून फलकांवर लावले गेले, आयाबाया तासन्‌तास त्यांच्यापुढे उभ्या राहून आपलं पोर शोधायच्या, आणि हजारो मुलं घरी गेली. तेव्हा मोबाईल नव्हते.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

नातेवाइकांचा शोध हे जीव वाचवणारं काम आहे असं माना आणि निधी आटला तरी ते चालू राहील अशी तरतूद करा. प्रकल्प बंद करायचाच असेल तर एकही उघडी फाईल वारसाशिवाय कपाटात जाऊ देऊ नका. फाईल कुणाच्या हाती दिली ते मुलालाही सांगा.

नोंदणी मुलाच्या भाषेत करा. नात्याचा शब्द तो म्हणेल तसाच लिहा, भाषांतर शेजारी करा. आईकडचा की बापाकडचा, याला वेगळा रकाना ठेवा. आजोबा, पणजोबा, गाव, गुरं, जे जे तो सांगेल ते घ्या. त्यासाठी छावणीतल्याच बायकांना पगार देऊन नेमा, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दोन देशांनी नातं मान्य केल्यावर मुलाच्या प्रवासाला ठरावीक मुदत घाला. किती दिवस ते तुम्ही ठरवा, पण ते दिवसांत मोजा. आणि जी मुलं स्वतःहून पोहोचली आहेत त्यांना शिक्षा न करता त्यांची नोंद जिथे घर आहे तिथे हलवा.

भारताच्या प्रतिनिधींना वेगळं सांगते. आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, तरी या समितीत बसतो. बालहक्क संहिता आपण १९९२ मध्ये स्वीकारली आहे. मलाकालमध्ये आपले जवान वर्षानुवर्षं शांतिसेनेत आहेत, दक्षिण सुदानमध्ये आपले काही जवान धारातीर्थी पडले आहेत. २०२३ मध्ये दिल्लीतच आफ्रिकी संघ जी-२० चा सदस्य झाला आणि आपण त्याचा अभिमान बाळगला. मग या विषयावर जिनिव्हात, समितीच्या बैठकीत, पहिला हात आपला वर जायला काय हरकत आहे? काका-मामातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही.

एक शेवटचं, आणि यासाठीच खरं तर मी हे पत्र लिहायला बसले.

रेंकच्या तंबूत राहिलेली ती मुलगी आता सात वर्षांची असेल. तिची फाईल मीच उघडली होती, तीही त्याच कपाटात आहे. तिच्या मनगटावर चिकटपट्टी लावून त्यावर लाल पेनाने आकडा घातला होता, भावाला तो अर्धाच आठवतो. डाव्या भुवईत जुनी खोक आहे. मे २०२३ च्या शेवटी ती तिथे दाखल झाली. तंबूचं रजिस्टर कुणाकडे तरी असेल. ते उघडा. तिला कुणी घरात घेतलं असेल तर त्या घरापर्यंत जा, त्यांना दुखवू नका, आणि मुलीजवळ बसा. तिला काका विचारू नका. आईच्या भावाचं नाव विचारा. आई संध्याकाळी भाकरी भाजताना दोघांनाही एकत्रच म्हणायला लावायची.

आपली,
काकुमात काम केलेली एक समाजकार्यकर्ती
मिरज